पितळी पाटीवरचे हात

मामा गेला त्या क्षणी दुकानातल्या सगळ्या गिटारींच्या तारा आपोआप तुटल्या, असं गावात सांगतात. साफ खोटं आहे. मी पडद्यामागे दहा पावलांवर बसलो होतो. त्रेसष्ट गिटारी भिंतीवर टांगलेल्या होत्या आणि त्यातल्या एकीनेही हूं की चूं केलं नाही. तारा तुटल्या असत्या तर त्या मलाच बदलाव्या लागल्या असत्या, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. थाप मारायची तर निदान जाणकाराला विचारून मारावी.

थापांच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. गाव मला थापामास्तर म्हणतं आणि ही पदवी मला कुणी दया म्हणून दिलेली नाही. एका गिटारीत चिमणीने घरटं केलं होतं आणि पिल्लं उडून गेल्यावर ती गिटार फक्त सकाळीच सुरात वाजायची, ही गोष्ट माझी. सासू घरात शिरली की ज्या गिटारीची पहिली तार आपोआप उतरायची, तीही माझीच. पण आता जे सांगतोय त्यात माझी थाप एकच आहे, आणि ती आली की मी बोट ठेवून दाखवीन.

मामा म्हणजे दुकानाचा मालक. तो माझा मामा नव्हता, खरं तर कुणाचाच नव्हता. पण अख्खं गाव त्याला मामा म्हणायचं. त्याची धाकटी बहीण काउंटरवर बसायची, ती मग आपसूक सगळ्यांची मावशी झाली. मी चौतीस वर्षं पडद्यामागे बसून गिटारी दुरुस्त केल्या. मी कुणाचाच कोणी झालो नाही.

मामाची पद्धत सांगतो, म्हणजे माझ्या पोटात का दुखतं ते कळेल. गिटार आली की ती पडद्यातून माझ्याकडे यायची. मान वाकली असेल तर मी सरळ करायचो. मानेवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, झिजले असतील तर उपटून नवे बसवायचो. चिरलेली पेटी सरसाने जोडून दोन-दोन दिवस शिकंज्यात आवळून ठेवायचो. मग तारा चढवून, सुरात लावून, गिटार पुन्हा पडद्याबाहेर. गिऱ्हाईक आलं की मामा ती मांडीवर घ्यायचा आणि गप्पा मारता मारता हळूच एक खुंटी पिळून सूर उतरवायचा. मी लावलेला सूर, मुद्दाम. मग डोळे मिटायचा. आत कुणी आजारी माणूस निजलंय अशा थाटात कान पेटीला लावायचा. गिऱ्हाईक श्वास रोखून उभं. मग तीच खुंटी जिथून उतरवली तिथेच परत. “हं. आता बघा.”

आणि गिऱ्हाईक घरोघर सांगत सुटायचं, मामांचा हात लागला आणि गिटार बोलायला लागली.

दिवसाढवळ्या दरोडा पडतो आणि दरोडेखोरालाच टाळ्या मिळतात, हे मी दुसऱ्या कुठल्या धंद्यात पाहिलेलं नाही.

पहिली तेवीस वर्षं आम्ही निदान तोंडाने भांडायचो. मग बस ड्रायव्हरचं प्रकरण झालं. त्याला मी सहज बोलता बोलता सांगितलं, की तुझ्या गिटारीची पेटी बुडालेल्या जहाजाच्या डोलकाठीची आहे, नाक लावलंस तर अजून मीठ हुंगायला मिळेल. मामाने त्याला आदल्याच दिवशी सांगितलेलं, की कारखान्यातलं साधं देवदार आहे. ड्रायव्हरने दुसऱ्या दिवशी भरलेली बस दुकानासमोर उभी केली आणि सव्वीस प्रवासी रांगेने आत आणून त्यांना गिटार हुंगायला लावली. एक आजीबाई म्हणाल्या, मासळीचाही वास येतोय. मामा काउंटरमागे लालबुंद होऊन उभा. सगळे गेल्यावर तो पडदा सारून आत आला.

“आजपासून या पडद्याबाहेर पाऊल टाकायचं नाही,” तो म्हणाला. “आणि माझ्याशी बोलायचंही नाही. तुझं कुठलं खरं धरायचं तेच मला कळेनासं झालंय.”

“बरं,” मी म्हणालो.

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. काम मात्र एक दिवस अडलं नाही. गिटार आली की मामा पुठ्ठ्याची एक चिठ्ठी दोऱ्याने तिच्या खुंटीला बांधायचा आणि पडद्यातून आत ढकलायचा. पुढच्या बाजूला त्याचं अक्षर: काय बिघडलंय, गिटार कुणाची, आणि शेवटी मला एक टोला. मागच्या बाजूला माझं अक्षर: काय केलं, आणि परतफेड. ‘तारांखालची घोडी घासून त्या खाली आणल्या. मालकाचं नाक खाली आणणारी कानस मिळत नाही,’ असं मी एकदा लिहिलं होतं. दुसऱ्या गिटारीवर उत्तर आलं: ‘कानस राहू दे, आधी चष्मा बदल.’

या चिठ्ठ्या मी एकही टाकली नाही. भांडण लांबलं की पुरावा लागतो. गिऱ्हाइकागणिक जुड्या बांधून ठेवल्या होत्या, बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे भरून.

त्या मंगळवारी साडेअकराला मामाचा खोकला थांबला. सकाळपासून दर दोन मिनिटांनी तो खोकत होता, त्यामुळे थांबल्याचं मला लगेच कळलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी पडद्याबाहेर पाऊल टाकलं. तो खुर्चीत बसला होता, मान एका बाजूला. मांडीवर कुणाची तरी गिटार होती आणि चिठ्ठी अर्धी लिहून झालेली. मी गिटार काढून घेतली. बाकीचं मावशीने पाहिलं.

बाराव्या दिवशी गिटारप्रेमी मंडळाचं एक पार्सल आलं. मावशीने ते माझ्या बाकावर आणून ठेवलं.

“पाटी आहे,” ती म्हणाली. “उद्या शोकसभेनंतर दाराशी लावायची आहे. चार कोपऱ्यांत स्क्रूची भोकं पाडून ठेवा.”

मी कागद सोडला. चकचकीत पितळ, वर मामाचं नाव आणि खाली कोरलेलं: ‘या गावची प्रत्येक गिटार ज्यांच्या हातांनी बोलती झाली.’

मी ती ओळ तीनदा वाचली. मग ड्रिल खाली ठेवलं, टोपी घातली आणि मंडळाच्या अध्यक्षाकडे गेलो.

अध्यक्ष म्हणजे दातांचा डॉक्टर. तो एका बाईंच्या तोंडात आरसा घालून उभा होता. मला पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“मास्तर, दाढ दुखतेय का?”

“पाटी दुखतेय,” मी म्हणालो. “त्यावर ‘हात’ लिहिलंय. ते काढा. मामाची जीभ लिहा, कान लिहा, मिशा लिहा, माझी काही हरकत नाही. हात माझे होते.”

खुर्चीतल्या बाईंनी उघड्या तोंडाने हसायचा प्रयत्न केला. डॉक्टर म्हणाला, “हसू नका, टोचेल.” मग माझ्याकडे वळला. “तुम्ही आत तारा बदलायचात ना?”

“तारा, माना, फ्रेट, पेट्या. सगळं मीच. तो फक्त एक खुंटी उतरवून चढवायचा.”

“मास्तर, माझी गिटार बनवणारा सुतार तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि गिटारीवरच पडल्यामुळे वाचला, असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. सहा महिने मी ते लोकांना सांगत फिरलो.”

“ती थाप होती.”

“आणि ही?”

माणूस आयुष्यभर खोटी नाणी खुळखुळवत फिरला की त्याच्या हातातलं खरं नाणंही लोक दाताखाली धरून बघतात. हा तर दातांचाच डॉक्टर.

“पुरावा आहे माझ्याकडे,” मी म्हणालो.

“मग उद्या सभेत आणा. पटला तर तो शब्द मी माझ्या हाताने खोडीन. नाही पटला तर मुकाट्याने भोकं पाडायची आणि पाटी तुम्हीच लावायची.”

“ठरलं.”

रविवारी दुपारी शाळेतून आणलेल्या चाळीस खुर्च्या दुकानात मांडल्या होत्या. मामाचा फोटो काउंटरवर, पाटी फोटोला टेकवलेली. मी मागच्या दाराने डबे घेऊन आलो. मावशी आत चहाचे कप पुसत होती. डब्यांकडे तिचं लक्ष गेलं आणि फडकं थांबलं. त्यात काय आहे ते तिला माहीत होतं. शेवटी पडद्यातून चिठ्ठ्या सरकवणारे हात पुष्कळदा तिचेच असायचे.

“तो जाऊन तेरा दिवस झाले नाहीत,” ती म्हणाली, “आणि तुम्ही हिशोब मांडायला निघालात.”

“हिशोब नाही. एक शब्द काढायचाय.”

“मग वाचायच्या तर सगळ्या वाचा. तुमच्या सोयीच्या बाजूने निवडून वाचायच्या नाहीत.” तिने कप ट्रेमध्ये आपटून ठेवला. “आणि तुमच्यासाठी खुर्ची ठेवलेली नाही.”

मी पडद्याला टेकून उभा राहिलो. सभा सुरू झाली. चांगल्या माणसाच्या शोकसभेत जे बोलतात तेच बोलत होते, पण मला प्रत्येक वाक्य कानफटात मारल्यासारखं लागत होतं. ड्रायव्हर म्हणाला, मामा माझ्या गिटारीवरून हात फिरवायचे आणि माझ्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. डॉक्टरने भिंतीवरची एक गिटार मांडीवर घेतली, डोळे मिटले, कान लावला, खुंटी पिळली आणि म्हणाला, “हं. आता बघा.” अर्ध्या सभेने डोळे पुसले. खुंटी त्याने चुकीच्या बाजूला पिळली होती. सूर अर्ध्या पायरीने वर गेला होता आणि चाळीसातल्या एकाला ते कळलं नव्हतं.

मग शाळेतल्या संगीताच्या बाई उठल्या. वीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या गिटार घेऊन यायच्या.

“मी एकच गाणं वाजवते, तुम्हाला माहीतच आहे,” त्या म्हणाल्या. “त्यातला एक सूर माझ्या गिटारीत सारखा बिघडतो. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नवी घ्या. मामा दर महिन्याला तो सूर दुरुस्त करून द्यायचे. वीस वर्षं माझ्यासाठी तो माणूस एका सुराशी झगडला.”

त्या बसल्या. मी डबे उचलून पुढे गेलो.

“मास्तर, आज जहाज नको हं,” ड्रायव्हर म्हणाला. लोक हसले.

“जहाज नाही,” मी म्हणालो. “फक्त एवढंच सांगायला आलोय, की पाटीवर जे हात आहेत ते माझे आहेत.”

हसू थांबलं. मागून कुणीतरी म्हणालं, “मेल्यावर तरी सोडा हो त्यांना.” मी पहिली जुडी सोडली आणि मागच्या बाजू वाचायला लागलो. मान सरळ केली. नऊ फ्रेट नवे घातले. पेटीची चीर सांधली, पाठीमागून पट्टी लावली. अशा वीस-पंचवीस वाचल्या.

“हे तुमचंच अक्षर,” डॉक्टर म्हणाला. “काल बसून लिहिलं नसेल कशावरून? मामांचं अक्षर मी ओळखतो. पुढची बाजू वाचा.”

“पुढच्या बाजूची गरज नाही.”

“का बरं?”

मी मावशीकडे पाहिलं. तिने हाताची घडी घातली होती. हातात जी चिठ्ठी होती ती मी डॉक्टरलाच दिली. “घ्या. तुम्हीच वाचा.”

डॉक्टरने चष्मा नाकावर नीट बसवला. “हे मामांचं अक्षर,” तो म्हणाला, आणि खणखणीत आवाजात वाचू लागला. अध्यक्षांची एक वाईट खोड असते, डोळे पुढे जायच्या आत तोंड पुढे जातं. “‘दुसरी तार पाचव्या फ्रेटवर भुणभुणते. दातांच्या डॉक्टरची गिटार. हा गिटार भूल न देता वाजवतो. जाड तारा लाव, निदान तुटणार तरी नाहीत. आणि थापाड्या, या वेळी फ्रेट घास, बोट नको घासूस.’”

पिन पडली असती तर तिचाही सूर सांगता आला असता.

“बघू दुसरी,” ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने डब्यात हात घातला. त्याची जुडी वरच होती. त्याने मनात वाचली, मान वर केली, पुन्हा खाली घातली. शेजारच्याने खांद्यावरून डोकावून मोठ्याने वाचली: “‘ड्रायव्हर ब्रेक मारतो तशी गिटार छेडतो, मागच्या बाकावरचे सगळे पुढे येतात.’” कुणीतरी फिस्कन हसलं आणि ड्रायव्हरने त्याच्याकडे असं पाहिलं की ते हसू तिथेच गोठलं.

मग मात्र डब्यांवर झुंबड उडाली. जो तो आपापली जुडी शोधायला लागला आणि जो तो सापडल्यावर गप्प होऊन खुर्चीत बसला. सगळ्यांत जाड जुडी संगीताच्या बाईंची. त्यांनी ती हळू सोडली, चार-पाच चिठ्ठ्या पाहिल्या, आणि वर्गात धडा वाचतात तशा स्पष्ट आवाजात एक वाचली.

“‘गिटारीत काही दोष नाही. बाईंची. सूर त्यांचाच चुकतो आणि त्या गिटारीवर घालतात. नुसती पुसून परत दे. त्यांना कळता कामा नये.’” त्यांनी चिठ्ठी उलटी केली. “मागे लिहिलंय, ‘पुसली.’” पुढची घेतली. “यावरही ‘पुसली.’ यावरही.”

“बाई,” मी म्हणालो.

“म्हणजे वीस वर्षं मीच चुकत होते,” त्या म्हणाल्या. “आणि शाळेतल्या सातशे-आठशे मुलांना मी तो सूर तसाच शिकवला.” मग त्यांचा आवाज चढला. “आणि हा माणूस डोळे मिटून, कान लावून, माझ्यासमोर नाटक करत होता?”

तिथून गाडी उताराला लागली. डॉक्टर म्हणाला, हा फोटो आधी इथून काढा. ड्रायव्हर म्हणाला, तोंडावर भाऊ भाऊ करायचा आणि पाठीमागे हे. मागच्या रांगेतल्या एकाला आठवलं की मामाने त्याच्या पोराला एकदा ‘तू तबला शिक’ म्हटलं होतं. तेव्हा ते गोड वाटलं होतं, आता त्याचा अर्थ लागला. घटकाभरापूर्वी डोळे पुसणारी माणसं आता मामाच्या नावाने बोटं मोडत होती.

डॉक्टरने पाटी उचलली. “मास्तर, तुमचं बरोबर होतं. ही मी परत करतो आणि नवी करून आणतो. तुमच्या नावाची. ‘ज्यांच्या हातांनी’ तसंच राहू दे.”

ती दोन मिनिटं मला फार गोड लागली, खोटं कशाला बोलू. एक शब्द खोडायला आलो होतो आणि अख्खी पाटी पदरात पडत होती. मी ती नवी पाटी डोळ्यांसमोर आणलीसुद्धा, अक्षरं जरा मोठी.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाला, “कान लावायचा म्हणे. त्याला गिटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं.”

“बहिरा होता,” ड्रायव्हर म्हणाला. “नुसतं हसता येत होतं.”

माझं डोकं तिथे फिरलं.

मामा लबाड होता, श्रेय खाणारा होता, खवचट होता. पण प्रत्येक चिठ्ठीवर पहिली ओळ असायची. अमकी तार, तमक्या फ्रेटवर, केसभर भुणभुण. अकरा वर्षांत त्या ओळीत एकदाही चूक सापडली नाही. मी टपून बसलो होतो, तरी नाही. एकदा त्याला पकडायला म्हणून मी एका धडधाकट गिटारीचा बारावा फ्रेट कागदाच्या जाडीइतका घासला आणि बाहेर पाठवली. दहा मिनिटांत परत आली: ‘बाराव्याला हात फिरवलास. कामं कमी पडतात का?’ त्याने वाईट म्हटलेली गिटार वाईट होती आणि त्याने ठणठणीत म्हटलेली ठणठणीत होती. त्याला बहिरा म्हणणारा हा ड्रायव्हर, ज्याने देवदाराला मिठाचा वास येतो म्हणून बस थांबवली होती.

त्याला शिव्या द्यायला माझी ना नाही. पण तो हक्क मी चौतीस वर्षं खपून मिळवला होता, आणि हे लोक अर्ध्या तासात फुकट वापरायला बसले होते. शिवाय ‘त्याला काही कळत नव्हतं’ ही थाप होती, आणि इतक्या कच्च्या थापा मी माझ्यासमोर चालू देत नाही.

“पाटी खाली ठेवा,” मी म्हणालो.

“का?”

आता येतेय ती. बोट ठेवून दाखवीन म्हणालो होतो ना?

“कारण या सगळ्या चिठ्ठ्या मीच लिहिल्यात,” मी म्हणालो. “पुढूनही आणि मागूनही. मामाचं अक्षर मला चौतीस वर्षं पाठ आहे, डाव्या हाताने लिहिलं की हुबेहूब उतरतं. तो मेल्यावर तेरा दिवस बसून लिहिल्या. मामा चिठ्ठीवर फक्त तारेचा नंबर घालायचा. त्या मी जाळल्या.”

“चार हजार चिठ्ठ्या? तेरा दिवसांत?” मागून कुणीतरी विचारलं.

“दिवसाला तीनशे. झोप कमी आहे मला.”

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, एकेक रचायला आठ-आठ दिवस घेतले. चिमणीची तर तीन वेळा नव्याने बांधली. पण इतकी भोकं असलेली थाप इतक्या पटकन खपलेली मी पाहिली नाही. चाळीस माणसांच्या चेहऱ्यावरून एकदम ओझं उतरलं. ते माझ्याकडे वाट बघितल्यासारखे वळले.

“मला वाटलंच होतं,” डॉक्टर म्हणाला. “मामांच्या तोंडी असले शब्द येणंच शक्य नाही.”

“नीच आहात तुम्ही,” ड्रायव्हर म्हणाला. “तो माणूस तुम्हाला सांभाळून घेत होता म्हणून, नाहीतर कुणी दारात उभं केलं नसतं.”

“जहाजवाला तो हाच,” त्याच्या शेजारचा म्हणाला, जणू ते कुणाला माहीत नव्हतं.

संगीताच्या बाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. जुडी अजून त्यांच्या हातात होती.

“तो सूर?” त्यांनी विचारलं.

“गिटारीचाच दोष,” मी म्हणालो. “दमट हवेत लाकूड फुगतं आणि नेमका तोच सूर धरतं. मामा दर महिन्याला ते बसवून द्यायचा.” हे त्याच थापेचं शेपूट, वेगळी थाप मोजू नये.

त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग जुडी माझ्या अंगावर फेकली. “तुमच्या हातांना किडे पडोत,” त्या म्हणाल्या.

हात माझे आहेत, हे त्या दिवशी तेवढ्या एकाच माणसाने कबूल केलं.

अट ती अट. सगळ्यांच्या देखत मी ड्रिल आणलं, पितळेला चार भोकं पाडली आणि दाराशी पाटी लावली. एक बाजू डॉक्टरने धरली होती, तीही तिरकी. मी सांगूनसुद्धा त्याला सरळ धरवेना, तेव्हा मी त्याला बाजूला केलं आणि एकट्याने लावली. टाळ्या झाल्या. त्या मामाला होत्या. मग एकेक जण माझ्याकडे न बघता निघून गेला.

मावशी खाली बसून चिठ्ठ्या गोळा करत होती. मी दुसऱ्या टोकाने गोळा करू लागलो. मध्ये कुठेतरी गाठ पडली.

“शाई विटलीय,” ती म्हणाली. तिने एक चिठ्ठी उजेडात धरली. “पुठ्ठा पिवळा पडलाय. हिच्यावर तर माझ्या चहाच्या कपाचा डाग आहे, सात वर्षांपूर्वीचा. चाळीस लोकांनी हातात घेतल्या आणि एकालाही दिसलं नाही.”

“डॉक्टरने तर चष्मा लावून बघितली.”

“त्याला दातांपलीकडचं काय दिसणार.” ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून. “तुम्हाला आता ठेवता येणार नाही, हे कळतंय ना? एक गिऱ्हाईक पायरी चढणार नाही.”

“कळतंय.”

“भिंतीवर चौदा गिटारी कामाच्या आहेत.”

“पंधरा. खिडकीजवळच्या काळीची मान वाकतेय.”

तिने त्या काळ्या गिटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या नजरेत माया वगैरे काही नव्हती. “बुधवारपासून मागच्या दाराने या,” ती म्हणाली. “आणि तोंड बंद.”

बुधवारी गावभर झालं, की मावशीने थापामास्तरला हाकललं आणि परगावाहून नवा कारागीर आणला. फार बुजरा माणूस आहे म्हणे, बाहेर येत नाही, कुणाशी बोलत नाही. मावशीच्या अंगात हे गुण आहेत याची मला चौतीस वर्षं कल्पना नव्हती. मामाच्या घराण्यात ते असणारच म्हणा.

पहिला आला तो डॉक्टर. त्याची गिटार मी जीव ओतून केली होती. फ्रेट आरशासारखे घासले, तारा इतक्या खाली आणल्या की फुंकर घातली तरी वाजाव्यात. त्याने काउंटरवर बसून दोन-चार वेळा छेडली. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो.

“हात बरा आहे,” तो म्हणाला. “पण मामांची सर नाही.”

“सांगते त्याला,” मावशी म्हणाली.

पुढच्या वेळी मी तारा मुद्दाम वर ठेवल्या. चांगल्या वर, बोटं सोलून निघतील इतक्या. तुला सर हवी ना, घे. डॉक्टर आला, त्याने दाबून दाबून वाजवली, बोटांची टोकं लाल झालेली मला इथून दिसत होती. मग त्याने गिटार थांबवली, डोळे मिटले आणि कान पेटीला लावला.

“आता कुठे,” तो म्हणाला. “आता मामांच्या वळणावर चाललाय. सांगा त्याला, मी खूश आहे.”

मावशीने पडदा सारून आत मान घातली. “डॉक्टर खूश आहेत,” ती कोरड्या आवाजात म्हणाली.

तोंड बंद ठेवायचं ठरलेलं होतं. भिंतीवरून पुढची गिटार घेतली. ड्रायव्हरची होती. तिच्या तारा मी डॉक्टरच्यापेक्षाही अर्धा केस वर नेल्या.